खासदारांच्या जागा पुन्हा मोजल्या जाणार: महाराष्ट्राने काय मागायचं?

मृद्गंधा | ६ जुलै २०२५

१६ जूनला जनगणनेची अधिसूचना निघाली. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून देशाची मोजदाद होणार आहे. बातम्यांत सगळा भर जातींच्या नोंदीवर आहे. मला मात्र दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते.

कोणत्या राज्याला लोकसभेच्या किती जागा, हे आजही १९७१ च्या लोकसंख्येवर चालतं. राज्यघटनेच्या कलम ८२ प्रमाणे दर जनगणनेनंतर जागांचं फेरवाटप व्हायला हवं. पण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते गोठवलं आणि पुढे ८४ व्या दुरुस्तीने '२०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत' लांबवलं. ती जनगणना म्हणजे हीच.

लोकसंख्या कमी वाढली म्हणून आपल्या जागा कमी होतील, अशी भीती दक्षिणेकडच्या राज्यांना आहे. त्यावर मार्चमध्ये तामिळनाडूचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी चेन्नईत बैठक बोलावली. केरळ, तेलंगण, पंजाबचे मुख्यमंत्री गेले. आणखी २५ वर्षं जागा गोठवा, अशी मागणी झाली. त्याआधी कोइमतूरमध्ये अमित शहा म्हणाले होते की दक्षिणेची एकही जागा कमी होणार नाही. एवढा वाद चालू असताना ४८ खासदार देणाऱ्या आपल्या राज्यात यावर कुणी अवाक्षर काढत नाही. उत्तर प्रदेशानंतर सर्वांत जास्त जागा आपल्या आहेत. आपण नेमकं काय मागायचं? मनापासून विचारते आहे, पक्षीय धुळवड नको.

---

आकडेमोड | ६ जुलै

आधी चित्र समोर ठेवतो, मग भांडू. २०११ ची लोकसंख्या घेतली आणि ५४३ जागा तेवढ्याच ठेवून नव्याने वाटल्या, तर ढोबळमानाने असं होतं:

उत्तर प्रदेश ८० वरून ९०, बिहार ४० वरून ४७, राजस्थान २५ वरून ३१, मध्य प्रदेश २९ वरून ३३. तामिळनाडू ३९ वरून ३२, केरळ २० वरून १५. गुजरात २६ वरून २७. कर्नाटक २८ वरून २७.

महाराष्ट्र? ४८ वरून ५०.

आपण असे मध्यावर आहोत. म्हणूनच आपल्याकडे कुणी बोलत नाही. फार मिळणार नाही आणि जाणारही नाही. २०२७ चे आकडे येतील तेव्हा ही तफावत बहुधा आणखी रुंदावलेली असेल.

---

कावेरीकाठ | ६ जुलै

मी तंजावूरची. आमचं घराणं व्यंकोजीराजांच्या मागोमाग इकडे आलं, घरात अजून आमची मराठी बोलतात. त्यामुळे या धाग्यावर लिहिण्याचा हक्क दोन्हीकडून आहे असं मानते.

इथे लोकांना राग नेमका कशाचा आहे ते सांगते. १९७६ चं गोठवणं आकाशातून पडलं नव्हतं. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणात ते होतं. कुटुंबनियोजन नीट करणाऱ्या राज्याला संसदेत शिक्षा होऊ नये, असा तो शब्द होता. इथल्या आयाबायांनी तो पाळला. माझ्या आजीला नऊ भावंडं, आईला तीन, मला एक. आता म्हणायचं, तुम्ही कमी झालात, मागे बसा?

आणि हे काल्पनिक भय नाही. १९६२ पर्यंत मद्रास राज्याचे ४१ खासदार होते, १९६७ ला ३९ झाले. त्या दोन जागांचा विषय २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही काढला होता.

---

काशीवासी | ६ जुलै

कावेरीताई, तुमचं दुःख कळतं. पण मीही मराठी आणि आम्ही कित्येक पिढ्या बनारसचे. आमची बाजू कुणी मांडतच नाही.

उत्तर प्रदेशात २०११ च्या हिशेबाने एका खासदारामागे २५ लाख माणसं. केरळात पावणेसतरा लाख. म्हणजे माझ्या शेजारच्या विणकराचं मत कोचीच्या माणसाच्या मताच्या दोनतृतीयांश किमतीचं. आपल्या घटनेत प्रत्येक प्रौढाला एक मत दिलं ते सगळ्यांची किंमत सारखी राहावी म्हणूनच ना? पूर्वांचलातल्या मुलीला शाळा मिळाली नाही, दवाखाना मिळाला नाही, लग्न लवकर झालं. हा तिचा दोष? त्यासाठी तिचा आवाज पन्नास वर्षं दाबून ठेवायचा?

---

पाऊलवाट | ६ जुलै

दोन्ही प्रतिसाद वाचून दोन्हींना +१ द्यावंसं वाटलं. आता झोप लागायची नाही.

---

गुहागरकर | ७ जुलै

महाराष्ट्र मध्यावर आहे हे आकडेमोड यांचं म्हणणं राज्यापुरतं खरं. आमच्या कोकणाला विचारा. तामिळनाडूवर जे येऊ घातलंय ते आमच्यावर २००८ लाच येऊन गेलंय.

राज्याराज्यांतल्या जागा गोठलेल्या असल्या तरी राज्याच्या आतल्या मतदारसंघांच्या सीमा २००१ च्या जनगणनेवर पुन्हा आखल्या गेल्या. न्या. कुलदीप सिंग यांचा मतदारसंघ पुनर्रचना आयोग. त्यात विधानसभेचे मालवण, वेंगुर्ला, संगमेश्वर आणि आमच्या जिल्ह्यातलं खेड हे मतदारसंघ गेले. लोकसभेचे रत्नागिरी आणि राजापूर मिळून एक झाला. ज्या राजापुरातून बॅरिस्टर नाथ पै आणि मधू दंडवते दिल्लीला गेले तो आता लोकसभेच्या नकाशावर नाही.

माझ्या मतदारयादीच्या पहिल्या पानावर काय छापलंय बघा: जिल्हा रत्नागिरी, विधानसभा २६४-गुहागर, लोकसभा ३२-रायगड. जिल्हाधिकारी रत्नागिरीला. खासदार अलिबाग-पेणचा विचार करणार की दापोली-गुहागरचा? रस्त्याचं काम अडलं तर कोणत्या बैठकीत कुणी बोलायचं, हे गावच्या सरपंचालाही चटकन सांगता येत नाही.

आणि हे का झालं? आम्ही मुंबईला गेलो म्हणून. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. पुढच्या फेरीत आणखी जाणार हे लिहून ठेवा.

---

घाटमाथा | ७ जुलै

गुहागरकर, मावळ विसरलात! पिंपरी, चिंचवड आणि मावळ घाटावर. पनवेल, कर्जत, उरण घाटाखाली. एका मतदारसंघात लोणावळ्याची चिक्कीही आणि उरणची मासळीही. आमच्या खासदारांना बोरघाट पाठ असायलाच हवा 😄

तरी बरं, आपल्याकडे द्रुतगती मार्ग आहे. जम्मू-काश्मीरमध्ये २०२२ ला अनंतनाग-राजौरी केला, त्याच्या मधोमध पीर पंजाल उभा आहे.

---

खडूफळा | ७ जुलै

निवृत्त शिक्षक आहे. २०११ ला संगमेश्वर तालुक्यात प्रगणक होतो, म्हणून गुहागरकरांच्या मुद्द्यात थोडी भर.

फेब्रुवारीत मोजणी. वाडीत शिरलं की पहिल्या चार घरांतल्या तीन घरांना कुलूप. अंगण सारवलेलं, तुळशीला पाणी घातलेलं, कारण शेजारची काकी ते बघते. तिला विचारलं, माणसं किती? ती बोटांवर मोजून सांगायची: दोघे भाऊ, त्यांच्या बायका, पाच पोरं. मग म्हणायची, "पण सगळी नालासोपाऱ्याला. गणपतीला येतात. आमचीच आहेत, लिहा की गुरुजी!" लिहिता येत नव्हतं. माणूस जिथे नेहमी राहतो तिथे त्याची नोंद. रकान्यात शून्य भरून पुढच्या दाराकडे.

ती नऊ माणसं तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात मोजली गेली असणार. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, कारण पाणी, शाळा, लोकल त्यांना तिथेच लागतात. पण अशा कुलपांची किंमत आमच्या तालुक्याने आधीच विधानसभेत मोजली होती. ठाणे जिल्ह्याच्या २००८ ला विधानसभेच्या जागा १३ वरून २४ झाल्या.

---

झाडीपट्टी | ७ जुलै

कोकणाचं ऐकलं, आता आमचं ऐका. विदर्भाच्या त्याच वेळी विधानसभेच्या ६६ वरून ६२ आणि लोकसभेच्या ११ वरून १० जागा झाल्या. चिमूर आणि वाशीम हे लोकसभेचे स्वतंत्र मतदारसंघ गेले.

गडचिरोली-चिमूर नकाशावर काढून बघा. वर गोंदिया जिल्ह्यातलं आमगाव, खाली अहेरी मतदारसंघातलं तेलंगणाला टेकलेलं सिरोंचा. तीन जिल्हे, मधे जंगल आणि नद्या. पावसाळ्यात भामरागडचा संपर्क तुटला की दिवसचे दिवस तुटतो. मुंबईतल्या खासदाराचा अख्खा मतदारसंघ लोकलच्या पाच-सात स्टेशनांत संपतो.

तेव्हा काशीवासी, मत सारखं असावं हे मान्य. पण खासदार भेटण्याची संधी सारखी असावी की नाही? फक्त डोकी मोजली तर जंगल कायम हरणार. जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे हे चांगलंच, पण राखीव जागेने अंतर कमी होत नाही.

---

मेपलपान | ८ जुलै

कॅनडातून. इथे हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलाय, उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

दर दहा वर्षांनी जागा पुन्हा मोजतात. मात्र कायद्यात तळ ठरवलाय, त्याखाली कोणत्याही प्रांताच्या जागा जात नाहीत. वाढत्या प्रांतांना नव्या जागा मिळतात, म्हणून सभागृह फुगत जातं. यंदाच्या एप्रिलमधल्या निवडणुकीत ३३८ चे ३४३ झाले: आल्बर्टाला तीन, ओंटारिओ आणि ब्रिटिश कोलंबियाला एकेक. क्विबेकची एक जागा कमी व्हायची होती, पण २०२२ ला कायदा करून ७८ कायम ठेवल्या.

सीमा आखायला प्रत्येक प्रांतात तीन जणांचा स्वतंत्र आयोग असतो. सरासरीपेक्षा २५ टक्के कमी-जास्त चालतं, अपवादात्मक स्थितीत त्याहून जास्त. त्यामुळे विरळ वस्तीच्या उत्तरेकडच्या भागाला सवलत मिळते. झाडीपट्टी, तुमच्या मुद्द्याचं उत्तर मला त्यात दिसतं.

याउलट अमेरिकेत प्रतिनिधिगृह ४३५ वर शंभरेक वर्षं अडकलंय. एकाला द्यायचं तर दुसऱ्याचं काढायचं. २०२० च्या जनगणनेनंतर टेक्सासला दोन वाढल्या आणि कॅलिफोर्नियाची एक गेली.

---

आकडेमोड | ८ जुलै

मेपलपान, कॅनडाची रीत इथे लावून बघितली. केरळच्या २० जागा शाबूत ठेवून बाकी सगळ्यांना त्याच प्रमाणात द्यायचं, तर लोकसभा साधारण ७२५ ची होते. नव्या सभागृहात ८८८ आसनांची सोय आहे, म्हणजे बसायला अडचण नाही.

त्यात उत्तर प्रदेश १२०, महाराष्ट्र ६७, बिहार ६२, तामिळनाडू ४३, केरळ २०.

आता नीट बघा. तामिळनाडूच्या जागा वाढल्या. पण आज ५४३ पैकी ३९ म्हणजे ७.२ टक्के, आणि तेव्हा ७२५ पैकी ४३ म्हणजे ५.९ टक्के. केरळ ३.७ वरून २.८. 'एकही जागा कमी होणार नाही' हे वाक्य अक्षरशः पाळूनही वाटा कमी होतो. विश्वासदर्शक ठराव असो की घटनादुरुस्ती, मोजला जातो तो वाटा. त्यामुळे कुणीही जागांचं आश्वासन दिलं की पुढचा प्रश्न वाट्याचा विचारा.

दुसरी रीत म्हणजे सगळ्यांच्या जागा सरसकट दीडपट. उत्तर प्रदेश १२०, महाराष्ट्र ७२, केरळ ३०. वाटे जसेच्या तसे राहतील, पण मग काशीवासींच्या शेजाऱ्याचं मत हलकं ते हलकंच.

---

काशीवासी | ८ जुलै

नेमकं. खुर्च्या वाढवून माझा प्रश्न सुटत नाही.

---

सुपारीबाग | ८ जुलै

गोव्यातून एक शंका. आमचे दोनच खासदार, उत्तर आणि दक्षिण. लोकसंख्या १४ लाख ५८ हजार, म्हणजे एकामागे सव्वासात लाख. काशीवासींच्या न्यायाने आम्हाला एकसुद्धा पुरा मिळायचा नाही! आमचं काय होणार?

---

काळाकोट | ८ जुलै

सुपारीबाग, निश्चिंत असा. साठ लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्या राज्यांना समान प्रमाणाचा नियम लागू नाही, तशी तरतूद कलम ८१ मध्येच आहे. म्हणजे 'फक्त डोकी' हे तत्त्व आपल्या घटनेनेही कधी शंभर टक्के पाळलेलं नाही. लक्षद्वीपमध्ये २०११ ला साडेचौसष्ट हजार लोक होते, तरी खासदार आहे. आणि तेलंगणातल्या मलकाजगिरीत २०२४ ला ३७ लाखांवर मतदार होते, तिथेही खासदार एकच.

पुनर्रचना आयोगाच्या रचनेबद्दलही लिहितो. सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती अध्यक्ष, मुख्य निवडणूक आयुक्त किंवा त्यांनी नेमलेले आयुक्त, आणि राज्याचे निवडणूक आयुक्त. शिवाय प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार 'सहयोगी सदस्य' असतात. ते बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. सत्ताधाऱ्यांना हवा तसा नकाशा आखण्याचे जे प्रकार अमेरिकेतल्या काही राज्यांत होतात, त्याला यामुळे इथे बराच आळा बसला. तो आपला ठेवा आहे, जपायला हवा.

आयोगाचा आदेश लागू झाला की कलम ३२९ मुळे न्यायालयात जवळजवळ दाद नाही. उघडउघड मनमानी असेल तर तपासू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं, पण ती वाट अरुंद आहे. त्यामुळे जे बोलायचं ते मसुदा आला की तेव्हाच.

---

ऱ्हाईनतीर | ८ जुलै

जर्मनीत राज्यांचा आवाज बुंडेसराटमध्ये असतो. तिथे छोट्या राज्यालाही किमान तीन मतं आणि सर्वांत मोठ्याला सहाच. लोकसंख्येत मार खाल्ला तरी राज्य म्हणून वजन उरतं. मग आपली राज्यसभा कशासाठी आहे?

---

काळाकोट | ८ जुलै

दुखरी नस पकडलीत. राज्यसभेच्या जागाही लोकसंख्येच्या कलाने आहेत: उत्तर प्रदेश ३१, महाराष्ट्र १९, गोवा १. त्यातून २००३ पासून उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असण्याची अटही गेली. म्हणजे तमीळ किंवा गोवेकर माणसाने लोकसभेत वाटा गमावला, तर भरपाई करणारं दुसरं सभागृह आपल्याकडे नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याला दोन सिनेटर आहेत म्हणून तिथे प्रतिनिधिगृहाची फेरमोजणी पचते.

---

ओवी_लेखणी | ९ जुलै

सगळे राज्यांचं बोलताय, बायकांचं कोण बोलणार? १०६ व्या घटनादुरुस्तीने २०२३ ला लोकसभा आणि विधानसभांत एकतृतीयांश जागा दिल्या, पण जनगणना आणि त्यानंतरच्या पुनर्रचनेला बांधून. आता जागा आणखी २५ वर्षं गोठवा म्हणणाऱ्यांनी हे सांगावं की आमचं आरक्षण पण गोठणार का? आमच्या ग्रामपंचायतीत बाई सरपंच आहे, पंचायत समितीत बाया आहेत. खासदारकीलाच मुहूर्त लागत नाही.

---

कावेरीकाठ | ९ जुलै

ओवी, अगदी. दोन्ही गोष्टी वेगळ्या करता येतात. आहेत त्या ५४३ मध्येच एकतृतीयांश द्या, घटनादुरुस्तीच तर करायची. आमच्याकडेही बायका हेच विचारतात.

---

मृद्गंधा | ९ जुलै

चर्चा फार मोलाची झाली. मूळ प्रश्नाकडे येते, कारण आता माझं मत पक्कं झालंय.

एक, ओवीचा मुद्दा सगळ्यांत आधी. महिला आरक्षण या वादातून सोडवून घ्यायला हवं. दोन, लोकसभेत मताची किंमत हळूहळू समान व्हावी. एकदम नव्हे, दोन-तीन निवडणुकांत. काशीवासींचा विणकर कायम हलका राहावा असं मी म्हणू शकत नाही. तीन, त्याच घटनादुरुस्तीत राज्यसभा खऱ्या अर्थाने राज्यांची करावी: मोठ्या आणि छोट्या राज्यांतलं अंतर कमी, आणि रहिवासाची अट परत. यातलं दोन हवं आणि तीन नको म्हणणाऱ्याला महाराष्ट्राने साथ देऊ नये. आपण मध्यावर आहोत म्हणूनच हे बोलायचा नैतिक अधिकार आपल्याला आहे. आपलं फारसं काही पणाला नाही.

---

झाडीपट्टी | ९ जुलै

ताई, शेवटच्या वाक्याला कडाडून विरोध. 'आपलं' म्हणजे कुणाचं? राज्याला ५० काय नि ६७ काय, वाढीव जागा ठाणे, पुणे, पनवेलच्या पट्ट्यात जाणार. विदर्भ आणि कोकणाचं सगळं पणाला आहे. दिल्लीत राज्यसभा सुधारा म्हणताना मुंबईत आमच्यासाठी काय सुधारणार? आयोगाला भूरचना, दळणवळण, लोकांची सोय बघायला कायदा सांगतोच. पण कॅनडासारखी २५ टक्क्यांची स्पष्ट सवलत कायद्यात लिहा, मग मी तुमच्या तिन्ही मागण्यांवर सही करतो.

---

मृद्गंधा | ९ जुलै

ती चौथी मागणी. घेतली.

---

आकडेमोड | ९ जुलै

२५ टक्के सूट दिली तरी गडचिरोली-चिमूरचं क्षेत्र फारसं आटोक्यात येणार नाही. पण लोकसभा ७२५ ची झाली तर महाराष्ट्रात एका खासदारामागे साडेतेवीसऐवजी पावणेसतरा लाख येतील. दोन्ही एकत्र केलं तर आमगाव आणि सिरोंचा वेगळे होऊ शकतात. म्हणजे झाडीपट्टींसाठी सभागृह वाढणं जास्त कामाचं.

---

गुहागरकर | १० जुलै

काळाकोट, एकच विचारतो. मसुदा आला की आमच्यासारख्यांनी हरकत नोंदवायची कशी? गेल्या वेळी आमच्याकडे सगळं ठरून गेल्यावर मोर्चा निघाला.

---

काळाकोट | १० जुलै

मसुदा राजपत्रात येतो, हरकतींसाठी तारीख दिली जाते, आणि त्यानंतर आयोग राज्यात जाहीर सुनावण्या घेतो. तिथे कोणीही बोलू शकतो. 'आमच्यावर अन्याय झाला' एवढं लिहिलेले अर्ज वाया जातात, कारण आयोगाला पर्यायी आखणी लागते. आदेशात मतदारसंघाचं वर्णन तालुका आणि महसूल मंडळात असतं, तेव्हा हरकतही त्याच भाषेत हवी: अमुक महसूल मंडळ इकडून काढून तिकडे जोडा, जनगणनेप्रमाणे त्याची लोकसंख्या इतकी, बदलानंतर दोन्ही मतदारसंघांची बेरीज इतकी, आणि कारण म्हणजे खाडी, घाट किंवा तालुक्याच्या गावाचं अंतर. सोबत नकाशा. चिपळूण तालुक्याचा जो भाग सध्या गुहागर मतदारसंघात आहे, तिथल्या ग्रामपंचायतींचे ठराव आतापासून घेऊन ठेवा. गावनिहाय आकडे हाती आले की बेरजा करायला आकडेमोड आहेतच.

---

आकडेमोड | १० जुलै

करून देतो. महसूल मंडळांची गावनिहाय यादी तेवढी पाठवा.